डोंबिवलीत नवीन आलात? गावात मिसळायचं कसं ते सांगते

मी लातूरहून डोंबिवलीत आले त्याला आता अकरा वर्षं झाली. पहिल्या दोन वर्षांत कोणी मला विचारलं असतं की तुमचं गाव कसंय तर स्टेशन, रिक्षा स्टँड, किराणाचं दुकान आणि आमची बिल्डिंग एवढंच सांगता आलं असतं. सकाळी लवकर घर सोडायचं, घाटकोपरला ऑफिस, परत येईस्तोवर आठ, मग पोळ्या, आणि रविवार धुण्याभांड्यात. शेजारच्या काकूंचं नाव मला आठ महिन्यांनी कळलं, तेही त्यांचं कुरिअर चुकून आमच्याकडे आलं म्हणून. त्याच दोन वर्षांत इथे पाडव्याच्या यात्रा निघाल्या, व्याख्यानं झाली, गाण्याचे कार्यक्रम झाले, आणि त्यातलं जे काही माझ्यापर्यंत पोचलं ते खिडकीतून ऐकू आलेलं.

आता आमच्या बिल्डिंगमध्ये दर वर्षी दोनतीन नवीन कुटुंबं येतात, कोणी नांदेडचं, कोणी सांगलीचं, कोणी मुंबईत जागा परवडत नाही म्हणून दादर-परळहून इकडे आलेलं, आणि सगळ्यांचं पहिलं वर्ष माझ्यासारखंच जातं. म्हणून हे लिहितेय. गावाकडे लोक आपणहून घरात येतात, कोण कुठले विचारतात, इथे तसं कोणी येणार नाही. पण लोक तुटक आहेत असं अजिबात नाही हो, तेपण तुमच्यासारखेच लोकलमधून चेंगरून आलेले असतात. इथे ओळख होते ती एकाच पद्धतीने, एका ठिकाणी ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा दिसायचं आणि दिसल्यावर हाताला काहीतरी काम मागून घ्यायचं. खाली जे काही सांगतेय ते सगळं यावरच आहे.

पायरी १ : आधी स्वतःची बिल्डिंग

पहिल्या वर्षी गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली तेव्हा मी सेफ्टी डोअरच्या जाळीतूनच पैसे दिले, पावती घेतली आणि दार लावलं. असं करू नका. दार उघडा, पाणी विचारा, आणि एकच प्रश्न विचारा, "काही मदत लागणारे का?" मदत कायम लागते. प्रसादाची फळं कापायला, आरतीला कोणाकडचा नैवेद्य कुठल्या दिवशी त्याची यादी लिहायला, लहान मुलांच्या चित्रकला स्पर्धेला बसायला. तिसऱ्या वर्षी मला प्रसादाची यादी मिळाली, आणि यादीसाठी मला अठ्ठावीस घरांच्या बेल वाजवाव्या लागल्या, त्या एका आठवड्यात मला जेवढी माणसं कळली तेवढी आधीच्या दोन वर्षांत कळली नव्हती.

गणपतीच कशाला, वर्षभर काही ना काही असतंच. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला गेटजवळ झेंडावंदन, तिथे वीस मिनिटं खाली उतरायला काहीच हरकत नसते, सुट्टी असते आणि चहा पण मिळतो. नवरात्रात भोंडला, त्यात खिरापत घेऊन जा आणि ती सहजासहजी ओळखता येणार नाही अशी करा. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध, याला वर्गणी थोडी पण मजा सगळ्यात जास्त, कारण त्या रात्री कोणालाच लवकर झोपायचं नसतं आणि एरवी लिफ्टमध्ये मान खाली घालून उभे राहणारे वरच्या मजल्यावरचे काका पण जुनी गाणी म्हणायला लागतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, नवीन असाल तर पहिलं तुम्हीच करा, महाग वाण लागत नाही, आम्ही एका वर्षी सगळ्यांना तुळशीची रोपं दिली. आणि इथे एक मनापासून सांगते, बोलावताना सगळ्या बायकांना बोलवा. आमच्याकडे एका काकूंना काका गेल्यापासून हळदीकुंकवाला कोणी बोलवत नव्हतं, त्या दिवशी त्या दार बंद करून आत बसायच्या. आता आम्ही सरसकट सगळ्यांना बोलवतो, कोणाला पटो न पटो, आणि वाण देताना पहिला मान त्यांचा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं थोडक्यात सांगते. बऱ्याच सोसायट्यांत दोन ग्रुप असतात, एक सेक्रेटरीचा, पाणी येणार नाही, लिफ्ट बंद वगैरे, आणि दुसरा गप्पांचा. दुसऱ्यात घ्यायला सांगा. आणि तुमचा पहिला मेसेज पार्किंगच्या तक्रारीचा नको, तो लोकांच्या फार दिवस लक्षात राहतो.

पायरी २ : लोकलचा डबा

ज्यांचा दिवसाचा दोन-अडीच तास गाडीत जातो त्यांनी गाडीला फक्त प्रवास समजू नका. रोज तीच गाडी, तोच डबा, तोच दरवाजा ठेवा. पंधरा दिवसांत चेहरे कळतात, महिन्याभरात नावं. सुरवातीला बसलेल्यांना फक्त "कुठे?" एवढं विचारायचं, त्या म्हणतील ठाणे, मग ठाण्याला ती सीट तुमची, हा अलिखित नियम सगळे पाळतात आणि तुम्ही पण पाळा. तिघींच्या बाकावर चौथीला सरकून जागा द्यायची, पाय दुखत असले तरी द्यायची, त्या एका कृतीने जेवढी ओळख वाढते तेवढी दहा दिवस बोलून वाढत नाही.

लेडीज डब्यात मी मटार सोललेत, मेथी निवडलीय, एका मुलीचं केळवण आणि दुसरीचं डोहाळजेवण मुलुंड ते डोंबिवली एवढ्या वेळात उरकलंय. जेंट्स डब्यात भजनी मंडळं असतात, टाळ घेऊन गातात, रोजचं भजन कानावर पडलं की चाल आपोआप येते, मग मागून धरायला लाजू नका. दसऱ्याच्या आसपास डबे सजवतात, झेंडूची तोरणं, रांगोळी, गाडीची पूजा, मोटरमनला पेढे. त्याची वर्गणी आधी आठवडाभर काढतात. त्यात पैसे द्या पण नुसते पैसे देऊन थांबू नका, आदल्या संध्याकाळी हार ओवायला बसा कोणाच्या तरी घरी. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मला असाच हार ओवताना मिळाली, ती ठाकुर्लीला राहते, गेल्या वर्षी माझ्या ऑपरेशनच्या वेळी चार दिवस डबा तिने पाठवला.

वर्क फ्रॉम होम असेल तर ही पायरी तुम्हाला नाही, मग सकाळचं मैदान धरा. पूर्वेला नेहरू मैदान, पश्चिमेला भागशाळा मैदान. चालणारे, योगासनं करणारे, क्रिकेट खेळणारी पोरं, आणि कट्ट्यावर बसून पेपर वाचणारे आजोबा. त्या आजोबांना गावातल्या कार्यक्रमांची जेवढी माहिती असते तेवढी कुठल्याच ग्रुपवर मिळत नाही.

पायरी ३ : पुस्तकं, नाटकं, गाणं

इथे मी जरा थांबणार, कारण हे गाव यासाठीच ओळखलं जातं आणि नवीन माणसाला हेच सगळ्यात उशिरा सापडतं.

एक, लायब्ररी लावा. मोबाईलवर सगळं मिळतं हे मलाही माहितीये, पण लायब्ररीच्या काउंटरवर जी माणसं भेटतात ती मोबाईलवर मिळत नाहीत. पै फ्रेंड्स लायब्ररी १९८६ पासून इथे आहे, त्यांचं पुस्तक आदान-प्रदान प्रदर्शन भरतं, आपली वाचून झालेली चांगल्या अवस्थेतली पुस्तकं द्यायची आणि बदल्यात दुसरी घरी न्यायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पिशवीत चार पुस्तकं होती, परत येताना पण चारच, पण टेबलापाशी पुस्तकं चाळताना एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला एक तास कुठलं घे कुठलं नको ते सांगितलं आणि आजही मी त्यांच्याकडे महिन्यातून एकदा जाते. २०१७ च्या फेब्रुवारीत ९० वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत झालं, तेव्हा मी नवीनच होते आणि गर्दी असेल म्हणून घरीच बसले. त्याची हळहळ मला अजून वाटते, चालत जाण्याएवढं लांब होतं फक्त.

दोन, नाटक. घरडा सर्कलजवळ सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी, दुपारचा चार-साडेचारच्या सुमाराला आणि रात्रीचा साडेआठच्या. पेपरातल्या नाटकाच्या जाहिरातीत डोंबिवली शोधा, आणि थिएटर चालू आहे ना हे बघूनच निघा. बुकिंग ऑनलाइन होतं पण मी अजून खिडकीवर जाते, खिडकीवरच्या माणसाला आपण ओळखीचे झालो की तोच सांगतो, ताई हे नको पुढच्या रविवारचं बघा. बाल्कनीचं तिकीट काढा, आवाज व्यवस्थित येतो. मध्यंतरात बटाटेवडा आणि चहाच्या रांगेत उभं राहा, गर्दी बघून जागेवर बसून राहू नका, अर्धं गाव त्या रांगेत भेटतं.

तीन, फुकट कार्यक्रम. थंडीच्या दिवसांत व्याख्यानमाला असतात, शाळांच्या हॉलमध्ये, संस्थांच्या पटांगणात. चतुरंग प्रतिष्ठानसारख्या संस्थांचे कार्यक्रम असतात. दिवाळी पहाटच्या मैफिलींना कधीकधी फ्री पास असतात, ते आधी दोन-चार दिवस ठरावीक दुकानांत नाहीतर संस्थेच्या ऑफिसात मिळतात आणि अर्ध्या दिवसात संपतात. कुठे कळणार हे? स्टेशनबाहेरचे फलक वाचा, नाक्यावरचे काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेले बोर्ड वाचा, देवळाबाहेरची नोटीस वाचा. मी रोज रिक्षातून उतरले की आधी फळा बघते, मग घरी. व्याख्यानाला वेळेवर जा, इथे सहा म्हणजे सहाच, साडेसहाला गेलात तर मागे उभं राहावं लागतं. आणि संपल्यावर लगेच पळू नका, खुर्च्या उचलायला थांबा. खुर्च्या उचलणाऱ्यालाच पुढच्या वेळी फोन येतो.

पायरी ४ : आपण यायच्या आधीचं गाव

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्यासारखे बाहेरून आलेले लोक यात फार कमी पडतात. डोंबिवली म्हणजे फक्त स्टेशनजवळच्या सोसायट्या नाहीत. आयरे, नांदिवली, पाथर्ली, भोपर, सोनारपाडा, ठाकुर्ली ही गावं आहेत, आगरी लोकांची, त्यांच्या शेतांवर आपल्या बिल्डिंगी उभ्या आहेत. ज्या रस्त्याला आपण नुसतं रिक्षाचा स्टॉप म्हणून ओळखतो त्याच्या आत दोनशे पावलांवर गावदेवीचं देऊळ असतं, तुळशीवृंदावन असतं, अंगणात सुकत घातलेली मासळी असते.

तिथे कसं जायचं? साधं आहे. चैत्रात गावागावात गावदेवीच्या जत्रा असतात, पालखी निघते. चपला बाहेर काढा, दर्शन घ्या, नारळ द्या, मिठाई घ्या. फोटो काढायचा तर विचारून. हरिनाम सप्ताह असतात, मांडव रस्त्यावरच असतो, वारकरी परंपरा इथे खोलवर आहे, आपल्या मोठ्या क्रीडासंकुलाला ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे यांचं नाव आहे ते त्यामुळेच. सप्ताहात कीर्तनाला कोणीही बसू शकतं, महाप्रसादाला पण. मी पहिल्यांदा संकोचून मांडवाबाहेर उभी होते तर एका मावशींनी हाताला धरून पंगतीत बसवलं, आणि जेवण झाल्यावर मी वाढायला उठले तेव्हा त्यांना खूप बरं वाटलेलं दिसलं. महाशिवरात्रीला कल्याण-शीळ रोडवर खिडकाळेश्वराच्या देवळात जत्रा भरते, देऊळ जुनं, बाजूला तळं, सकाळी लवकर गेलात तर निवांत दर्शन होतं.

आणि हिवाळ्यात क्रीडासंकुलात आगरी महोत्सव होतो, तो चुकवायचाच नाही. तांदळाची भाकरी, कोलंबी, सुकं बोंबील, सगळं बायका समोर करून देतात. उपाशी जा. खाऊन झालं की लगेच निघू नका, स्टेजसमोर बसा. आगरी लग्नात धवलारीण असते, ती धवळे गाऊन लग्नाचे विधी लावते, म्हणजे भटजीच्या जागी बाई, हे मला डोंबिवलीत येईपर्यंत माहीतच नव्हतं. आमच्या भाजीवाल्या वहिनींच्या मुलीच्या हळदीला मी गेले होते तेव्हा ऐकले धवळे, अर्धे शब्द कळले नाहीत तरी तिथून उठवेना. अशी हळदीची बोलावणी आली तर जा, तासाभरासाठी का होईना. आठवडाभर जिच्याकडून कोथिंबीर घेतो तिच्या घरचं कार्य आपलं नाही असं वागलो तर मग आपण इथले कसे?

पायरी ५ : दोन मोठे दिवस

पहिला गुढीपाडवा. नववर्ष स्वागतयात्रा आता ठाण्यात, गिरगावात, पुण्यात, कुठे कुठे निघतात, पण सुरवात डोंबिवलीची, १९९९ साली, फडके रोडवरच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने केली. मंदिर १९२४ चं आहे. यात्रेत चित्ररथ, लेझीम, ढोलताशा, सायकलवाले, नऊवारीतल्या बाइकवाल्या बायका, शाळांची मुलं, वेगवेगळ्या संस्था आपापले बॅनर घेऊन. बघायला जाणाऱ्यांनी सात वाजायच्या आत पोचा, गाडी घरी ठेवा, रस्ते बंद असतात, आणि पूर्व-पश्चिम जायचं असेल तर रेल्वेचा पूल चालत ओलांडायची तयारी ठेवा. पाण्याची बाटली, टोपी, लहान मूल असेल तर त्याच्या खिशात आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी. आदल्या संध्याकाळी रस्त्यावर मोठ्या रांगोळ्या काढतात, त्या बघायला रात्री एक चक्कर मारा, सकाळी पायाखाली पुसल्या जातात.

पण नुसतं बघू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. मी तीन वर्षं फुटपाथवर मोबाईल धरून उभी होते आणि तीनही वर्षी घरी येऊन मला एकटंच वाटलं. चौथ्या वर्षी एका महिला मंडळाच्या लेझीम पथकात गेले. तयारी साधारण महिना-दीड महिना आधी चालू होते, संध्याकाळी नाहीतर रविवारी सकाळी, कुठल्यातरी शाळेच्या पटांगणात, आवाजावरून शोधता येतं. येत नसलं तरी चालतं, शिकवतात, मागच्या रांगेत उभं करतात. यात्रेत चालताना दोन्ही बाजूंनी गावच्या गाव उभं असतं, गच्चीवरून फुलं पडतात, आणि ओळखीचे चेहरे हाका मारतात, लायब्ररीवाल्या बाई, डब्यातली मैत्रीण, खिडकीवरचा तिकीटवाला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी डोंबिवलीची.

दुसरा नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान, फराळ, नवीन कपडे, आणि पहाटेच फडके रोड. गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि मग रस्त्यावर मित्रमैत्रिणींना भेटायचं, वर्षानुवर्षं चाललंय हे. गर्दी तरुण पोरांची असते पण परदेशातून सुट्टीला आलेले, लग्न होऊन पुण्याला गेलेले, सगळे शाळेतले जुने मित्र शोधत तिथे येतात. नवीन माणसाला तिथे भेटायला कोणी नसतं, म्हणून सांगते, पहिल्या वर्षी एकटे जाऊ नका. डब्यातल्या एकीला आधी विचारा, अमुक दुकानापाशी साडेसहाला भेटू. पुढच्या वर्षी थांबायची जागा ठरलेलीच असेल. घरात कॉलेजातली मुलं असतील तर त्यांना त्यांचं त्यांचं जाऊ द्या, पाठीमागे फिरू नका.

पायरी ६ : दोन-चार स्टेशनं पलीकडे

हे पटकन सांगते. कल्याण मधे ठाकुर्ली सोडून पुढचंच स्टेशन. तिथलं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं आहे, आणि नवरात्रात दुर्गाडी किल्ल्यावर देवीची जत्रा भरते, खाडीचा वारा, खेळणी, गर्दी, मुलांना घेऊन संध्याकाळ मस्त जाते. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, दगडी कोरीवकाम बघायला महाशिवरात्र सोडून एखाद्या साध्या सकाळी जा. ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, आणि गडकरी रंगायतनला नाटक बघून तलावपाळीवर फेरी मारायची हा एक ठरलेला रविवार.

वेळ आणि पैसे

लोक मला म्हणतात ताई तुम्हाला वेळ कुठून मिळतो. मी आठवड्याला एकच संध्याकाळ काढते, माझी गुरुवारची, आणि महिन्यातला एक रविवार. त्या गुरुवारी घरी खिचडी असते, घरच्यांना माहितीये. सगळीकडे जायला गेलात तर दोन महिन्यांत दमाल आणि सगळंच सोडाल, तेव्हा बिल्डिंग धरा आणि बाहेरचं एक काहीतरी धरा, बास. पैशाचं म्हणाल तर नाटक सोडलं तर बाकी बहुतेक फुकट नाहीतर थोडक्यात होणारं आहे. वर्गणी झेपेल तेवढीच द्या, कमी दिली म्हणून लाजू नका, कामाला उभं राहिलात की पावतीवरचा आकडा कोणी बघत नाही. नवरा किंवा बायको यायला तयार नसेल तर त्यांची वाट बघू नका, आमचे हे पहिली चार वर्षं आलेच नाहीत, आता विसर्जनाला कृत्रिम तलावापाशी स्वयंसेवक म्हणून तेच आधी जाऊन उभे असतात.

मराठी नीट येत नसेल अशा शेजाऱ्यांना पण बरोबर घ्या. आमच्या मजल्यावर एक मल्याळी कुटुंब आहे, ओणमला त्यांनी दारात फुलांची रांगोळी काढली तेव्हा आम्ही सगळ्या फुलं निवडायला बसलो होतो, आणि पाडव्याला त्यांची मुलगी आमच्या पथकात असते.

यंदाची लेझीमची तयारी महाशिवरात्र झाली की सुरू करतोय, रविवारी सकाळी साडेसात. पथकाकडे लेझीम कमी पडतात, स्वतःची असेल तर घेऊन या, आणि पायात चप्पल नको, बूट घाला.